नागपुरात आयव्हीएफसाठी दवाखाना निवडताना : काय बघायचं, काय विचारायचं, कोणता कागद हातात घ्यायचा

दुसऱ्या डॉक्टरांनी माझी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "ताई, यात लॅबचा कागद कुठाय?" फाईल चांगली जाडजूड होती. औषधांची बिलं होती, सोनोग्राफीचे फोटो होते, आहाराचा तक्ताही होता. पण बीजं किती निघाली, त्यातली पक्व किती, गर्भ किती तयार झाले, कोणत्या दिवशी कोणता गर्भ सोडला, यातली एक ओळ नव्हती. पावणेदोन लाख रुपये गेले होते आणि पुढच्या डॉक्टरच्या कामी येईल असं त्या फाईलमध्ये काहीच नव्हतं.

आम्ही वरोऱ्याचे. नागपुरात माझी नणंद मानेवाड्याला राहते, म्हणून आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर काढून लॅबमध्ये फळवायचा उपचार, नागपुरात. पहिला दवाखाना आम्ही निवडला तो एका ओळखीच्या वहिनींना तिथे गुण आला म्हणून आणि तिथल्या भिंतीवर बाळांचे शंभरेक फोटो होते म्हणून. दुसरा मात्र विचारपूस करून निवडला. तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा-बालाघाट, सगळीकडची जोडपी धंतोली-रामदासपेठेत येतात आणि बहुतेक जण आमच्यासारखीच, कुणीतरी सांगितलं म्हणून येतात.

दवाखाना शोधण्याआधी दोघांच्या तपासण्या

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी असा नियम आहे. बायकोचं वय ३५ च्या वर असेल तर सहा महिनेच थांबावं. तपासणी दोघांची, आणि तीही एकाच आठवड्यात. आमच्याकडे माझ्या तीन वर्षं तपासण्या झाल्या, नवऱ्याची पहिली वीर्यतपासणी चौथ्या वर्षी. सासूबाई म्हणायच्या, "त्याला काय झालंय, धडधाकट तर आहे." धडधाकट दिसण्यावरून शुक्राणूंचं काही कळत नाही. ही सगळ्यांत स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी आहे, ती सगळ्यांत आधी करा. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाप्रमाणे मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू आणि एकूण ४२ टक्के हालचाल ही खालची सीमा. रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा, एका रिपोर्टवर निर्णय नको.

बाईच्या बाजूने एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉईड, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी (अंडाशयात किती बारीक फोड दिसतात ते मोजतात) आणि गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे बघणारी एचएसजी. नळीत पाणी भरलेलं असेल तर आधी ती नळी बंद करावी किंवा काढावी लागते. ते पाणी गर्भपिशवीत झिरपत राहतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता बरीच घटते. असा रिपोर्ट हातात असताना कुणी "थेट आयव्हीएफ करू" म्हणालं, तर तिथेच थांबून कारण विचारा. यातल्या बऱ्याच तपासण्या मेडिकल, मेयो, डागा, एम्स अशा सरकारी दवाखान्यांत कमी पैशात होतात. आधी त्या उरका. रिपोर्ट हातात घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी दहा-बारा हजारांच्या तपासण्या माथी मारल्या जात नाहीत.

आता आपल्या भागाची गोष्ट, आणि ही मी सगळ्यांना बजावून सांगते. विदर्भातल्या जोडप्याने सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासल्याशिवाय आयव्हीएफला हात घालू नये. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. वाहक, म्हणजे ज्याला आपण 'एएस' म्हणतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गर्भाला सिकलसेलचा आजार, म्हणजे 'एसएस', होण्याची शक्यता चारात एक. आयव्हीएफमध्ये गर्भ पिशवीत सोडण्याआधीच त्याच्या काही पेशी घेऊन ही तपासणी करता येते. गर्भाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण सिकलसेल-थॅलेसेमियासारख्या आजारांसाठी गर्भ तपासायला तोच कायदा परवानगी देतो. मात्र त्यासाठी दवाखान्याची नोंदणीकृत जनुकीय लॅबशी जोडणी लागते आणि तयारीला काही आठवडे जातात. वेटिंगमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, गडचिरोलीकडची. तिला आयव्हीएफने दिवस राहिले आणि दहाव्या आठवड्यात कळलं की दोघंही एएस. त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत तिने जे सोसलं, ते एका मोफत चाचणीने टळलं असतं. तेव्हा दवाखाना ठरवताना दोघांचा सिकलसेल रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा आणि ते काय विचारतात ते ऐका. ज्यांनी विदर्भात बसून हा विषयच काढला नाही, त्यांच्याकडे मी तरी पुन्हा गेले नसते.

नोंदणी : पाच मिनिटांचं काम

२०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) प्रत्येक सेंटरला नोंदणी सक्तीची आहे. लेव्हल वन म्हणजे फक्त आययूआय (वीर्य नळीने पिशवीत सोडणं) करणारं सेंटर, लेव्हल टू म्हणजे आयव्हीएफ आणि इक्सी (एकेका बीजात सुईने एक शुक्राणू सोडणं) करणारं. नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. रिसेप्शनजवळ उभं राहून लेव्हल, पत्ता आणि मुदत वाचा. केंद्र सरकारच्या एआरटी व सरोगसी रजिस्ट्रीच्या वेबसाइटवरही नोंदणीकृत सेंटर बघता येतात. पत्ता नीट जुळवा, कारण एका साखळीच्या मुंबई-पुण्याच्या शाखेची नोंदणी नागपूरच्या शाखेला लागू होत नाही. कायद्याने बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या दरम्यान हवं. एकट्या बाईलाही हे उपचार घेता येतात.

"मुलगाच होईल" असं कुणी सुचवलं, आडून का होईना, तर तिथून उठा.

जिल्ह्याच्या गावी 'मोफत आयव्हीएफ शिबिर' लागतं. जायला हरकत नाही, तपासून घ्या, रिपोर्ट घ्या. पण "आज बुकिंग केलं तर पन्नास हजार सूट" याला त्या दिवशी हो म्हणू नका. बीजं संपत चालली म्हणून घाई असू शकते, पण ती घाई आठवड्यांची असते, संध्याकाळी पाचपर्यंतची नसते.

अंतराचा हिशेब

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ ते बारा दिवस इंजेक्शनं चालतात. त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. म्हणजे दोन आठवड्यांत पाच-सहा चकरा, आणि शेवटच्या दोन वेळेच्या एकदम बांधलेल्या. ट्रिगर रात्री दहाला सांगितलं तर दहालाच, "जेवण झाल्यावर घेऊ" चालत नाही. त्या काळात नागपुरात राहायची सोय होत नसेल, तर दवाखान्याला विचारा की मधल्या सोनोग्राफी तुमच्या गावच्या डॉक्टरकडे करून रिपोर्ट मोबाईलवर पाठवले तर चालेल का. काही ठिकाणी चालतं, आणि त्याने बराच भार हलका होतो.

इंजेक्शनांचं सांगते, कारण माझी चूक झाली होती. ही इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. इंजेक्शनची काही पेनं काही काळ २५ अंशांपर्यंत चालतात असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात नागपुरात २५ अंश कुठे मिळणार? गणेशपेठच्या स्टँडवर ४५ अंशांत मी पर्समध्ये तीन पेनं घेऊन बस बघत उभी होते. वरोऱ्याला पोचेपर्यंत डबा हाताला गरम लागत होता. सिस्टरला फोन केला, ती म्हणाली, "वापरू नका." सोळा हजार पाण्यात. तेव्हापासून लहान आइसबॉक्स, त्यात दोन बर्फाचे पॅक, आणि पॅक व पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी, कारण पेन बर्फाला टेकून गोठलं तरी ते वायाच जातं. घरी फ्रिजच्या दारात किंवा फ्रीझरखाली ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. शक्य असेल तर डॉक्टरांशी बोलून सायकल (उपचाराची एक पूर्ण फेरी) नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. त्याने यश वाढत नाही, हाल कमी होतात.

लॅब : खरी निवड इथे होते

आपण डॉक्टरचं नाव बघून जातो. पण बीज बाहेर काढल्यापासून गर्भ पिशवीत सोडेपर्यंतचे पाच दिवस तो जीव डॉक्टरच्या नाही, एम्ब्रियॉलॉजिस्टच्या, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणाऱ्या तज्ज्ञाच्या हातात असतो. म्हणून पहिला प्रश्न : "तुमचे एम्ब्रियॉलॉजिस्ट रोज इथेच असतात की बाहेरून येतात?"

हे विचारायचं कारण 'बॅच'. पुष्कळ सेंटरवर पूर्णवेळ एम्ब्रियॉलॉजिस्ट नसतो. महिन्यातून किंवा दोन महिन्यांतून एकदा बाहेरगावचा तज्ज्ञ आठवडाभर येतो आणि पंधरा-वीस बायकांची पाळी गोळ्यांनी पुढेमागे करून सगळ्यांची बीजं त्याच दिवसांत काढली जातात. बॅच म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, चांगली माणसंही अशी काम करतात. पण तुमची बीजं सोमवारी तयार झाली आणि तज्ज्ञ बुधवारी येणार असेल तर कोण थांबणार? तो तज्ज्ञ गेल्यावर तुमच्या गर्भांकडे रोज कोण बघणार? याचं उत्तर स्पष्ट मिळालं पाहिजे.

दुसरा प्रश्न वीज आणि नायट्रोजनचा. गर्भ ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये वाढतात, गोठवलेले गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट जाते हे सांगायला नको. यूपीएस, जनरेटर आणि तापमान बिघडलं तर रात्री कुणाच्या फोनवर अलार्म वाजतो, हे विचारा. आमच्या दुसऱ्या दवाखान्यात याचं उत्तर लॅबच्या मॅडमनी स्वतः दिलं. मोबाईल काढून आदल्या रात्रीचा तापमानाचा आलेख दाखवला. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. एम्ब्रियॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी व्हिएन्नात बसून ठरवलेले आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेले निकष आहेत. इक्सीमध्ये पक्व बीजांपैकी किमान ६५ टक्के फळावीत, आणि फळलेल्यांपैकी किमान ४० टक्के पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचावीत. चांगली लॅब ८० आणि ६० पर्यंत जाते. "तुमच्या लॅबचे हे दोन आकडे काय आहेत?" एवढंच विचारा. कुणी चिडलं तर तेही एक उत्तरच. याने आपल्यालाही वास्तव कळतं. बारा बीजं निघाली म्हणून घरी पेढे वाटू नयेत. बारातली नऊ पक्व, त्यातली सहा-सात फळली, त्यातले तीन ब्लास्टोसिस्ट, हा चांगला निकाल समजतात.

चौथं, नावांची सरमिसळ. बीजं काढताना, वीर्य देताना, गर्भ सोडताना प्रत्येक वेळी तुमचं पूर्ण नाव आणि क्रमांक तुमच्याच तोंडून वदवून घेतात का? दोन माणसं तपासतात का? डिशवरचं लेबल बघायला मागितलं तर दाखवतात का? ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ सोडण्याच्या दिवशी मला टेबलावर झोपूनच पडद्यावर डिश दाखवली, कडेला काळ्या शाईत आमच्या दोघांची नावं. मी ती दोनदा वाचली.

"सक्सेस रेट किती?"

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत फसवा प्रश्न. "सत्तर टक्के" म्हणजे कशाचे सत्तर? बीटा (दिवस राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेले, सोनोग्राफीत ठोके दिसलेले, की बाळ घरी नेलेले? शंभर सायकल सुरू केल्या त्यापैकी, की ज्यांना गर्भ सोडला फक्त त्यांच्यापैकी? डोनरची बीजं वापरलेल्या सायकल यात धरल्या का? धरल्या असतील तर आकडा आपोआप चढतो, कारण डोनर तरुण असते. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था हे आकडे जाहीर करते. २०१९ मध्ये तिथे ३५ च्या आतल्या बायकांत सोडलेल्या प्रत्येक गर्भामागे बाळ होण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्के होतं आणि ४० ते ४२ वयात सुमारे ११ टक्के. हे मनात ठेवून ऐका. प्रश्न असा विचारा : "माझ्या वयाच्या, स्वतःच्या बीजांवर सायकल सुरू केलेल्या किती बायकांना गेल्या वर्षी तुमच्याकडे बाळ झालं?" आणि किती गर्भ सोडणार, हेही त्याच बैठकीत. दोन-तीन सोडले की आकडा वाढतो, पण जुळी-तिळी आली की मुदतीआधी बाळंतपण आणि एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या आयसीयूचा) खर्चही वाढतो.

पीसीओएस (अंडाशयात खूप बारीक फोड असणं, पाळी अनियमित) असेल तर अंडाशय फुगून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. तो टाळायला ते काय करतात, रात्री पोट दुखलं तर कोणाला फोन करायचा, आयसीयू कुठे, हे लिहून घ्या.

पैसा

एका सायकलला औषधांसह साधारण दीड ते अडीच लाख हाताशी धरून चाला. जाहिरातीतल्या नव्वद हजारांत इंजेक्शनं बहुतेक नसतात, आणि तीच पन्नास हजारांच्या वर जाऊ शकतात. लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात हे वेगवेगळं हवं : इंजेक्शनं, भूल, इक्सी, गर्भ गोठवणं, दरवर्षीचं साठवणूक भाडं, गोठवलेला गर्भ सोडण्याची फी, आणि बीजं मिळालीच नाहीत किंवा सायकल मध्येच थांबवावी लागली तर परत किती. आरोग्य विम्यात वंध्यत्वाचे उपचार बहुतेक वगळलेले असतात, तरी नोकरीतला ग्रुप विमा असेल तर एकदा विचारा. 'बाळ नाही तर पैसे परत' या पॅकेजची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा ठरावीक सायकलनंतर डोनर बीज घेण्याची अट असते. शेत विकून किंवा दागिने मोडून एकाच प्रयत्नात सगळं ओतू नका. दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे बाजूला ठेवूनच पहिला करा.

मग येतात 'जोड-उपचार' : पिशवीत पीआरपी (आपल्याच रक्तापासून काढलेलं द्रव्य), पिशवीचं अस्तर खरवडणं, इंट्रालिपिडची (स्निग्ध पदार्थाची) सलाईन, प्रत्येक गर्भाची गुणसूत्रतपासणी. यातल्या बहुतेकांचा सरसकट सगळ्यांना फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. वीर्य व्यवस्थित असताना इक्सीनेही यश वाढत नाही. "माझ्या कोणत्या रिपोर्टमुळे हे मला हवं?" या प्रश्नाला उत्तर असेल तर करा, "सगळ्यांना करतो" असं असेल तर नको.

सही करण्याआधी

संमतीपत्रं घरी न्या, मराठीत मागा, दोघांनी वाचा. गर्भ पिशवीत सोडण्याआधी संमती कधीही मागे घेता येते. बीजाची डोनर लागणार असेल तर ती नोंदणीकृत बँकेकडूनच यावी लागते, वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान आणि जास्तीत जास्त सात बीजं. उरलेले गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. प्रत्येक सेंटरमध्ये तक्रार निवारण कक्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचं नाव-नंबर पहिल्याच दिवशी विचारा. समुपदेशकही असायलाच हवा, आणि त्यांच्याकडे खरंच जा, नवऱ्यालाही न्या. माझा नवरा चार वर्षांत पहिल्यांदा तिथेच रडला.

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस खाटेवर पडून राहायची गरज नाही, त्याने गर्भ जास्त रुजत नाही. मी दुसऱ्या दिवशी एसटीने घरी आले, स्वयंपाकही केला. सासूबाई तेव्हा फार रागावल्या होत्या.

सायकल फसली तर

रिपोर्ट निगेटिव्ह आला की दवाखान्यात पुन्हा पाय ठेवायची इच्छा होत नाही. तरी आठवडाभरात जा आणि कागद मागा : कोणती इंजेक्शनं, किती मात्रेत, किती दिवस. बीजं किती, पक्व किती, फळली किती, रोजची वाढ, गर्भांची प्रत. ट्रान्सफरच्या दिवशी अस्तराची जाडी. गोठवलेले किती उरले. पहिल्या दवाखान्यात मला "असं आम्ही देत नाही" हे दोनदा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा लेखी अर्ज केला, त्यावर पोच घेतली आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेतल्या २००२ च्या नियमाचा उल्लेख केला. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा तो नियम आहे, आणि एआरटी कायद्याखाली या नोंदी दहा वर्षं जपाव्या लागतात. चौथ्या दिवशी कागद मिळाला. अकरा बीजं, पक्व फक्त चार. नव्या डॉक्टरांनी तो वाचून ट्रिगर बदललं. पुढच्या वेळी दहातली आठ पक्व निघाली आणि दोन ब्लास्टोसिस्ट तयार झाले. पहिला रुजला नाही, दुसऱ्याची मुलगी. आता तीन वर्षांची आहे.

जुन्या सेंटरमध्ये गोठवलेले गर्भ उरले असतील तर ते दुसरीकडे नेता येतात. दोघांच्या सह्यांचा अर्ज, दोन्ही सेंटरची लेखी तयारी, एआरटी कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी आणि नायट्रोजनच्या खास टाकीतून नेणारा अनुभवी माणूस लागतो. नेण्याआधी प्रत्येक स्ट्रॉवरचं (गर्भ ठेवलेल्या बारीक नळीवरचं) नाव, तारीख आणि गर्भाची प्रत लिहिलेली यादी घ्या, आणि नव्या लॅबने मोजून घेतल्याची सही त्याच यादीवर करून घ्या.